वाऱ्याची बाही

विमानतळाचं एक काम माझ्याकडं असते,
वरसातून दोनदा, कधी तीनदा.
लांजेवार साहेब कापडाचा गठ्ठा काउंटरवर टाकतात,
"पट्टे नारिंगी पाहिजे ताई, गडद नारिंगी."
हे नागपुरात सांगा लागते का जी?

ते काहीतरी इंग्रजी नाव घेतात त्याचं.
मी वाऱ्याची बाही म्हणते.
खांद्याकडून रुंद, मनगटाकडं निमुळती,
पाच पट्टे, दुहेरी टीप,
आणि आत हात नाही.

तेव्हापासून जयताळ्याच्या ह्या दुकानात
ब्लाउजच्या मापासंगं लोक सवालही देऊन जातात,
जसं काही मीच उतरवून राहिली विमानं.

उके काका म्हणतात,
वारा जिकडून येते तिकडंच तोंड काऊन करते ते उतरताना?
पाठीवर वारा घेतला तर आरामात येईन नं बाप्पा!
आरामात येईन काका, पण थांबन कुठं?
सामोरा वारा पंख उचलून धरते,
मंग जमिनीवर कमी धावलं तरी भागते.
पाठीमागून आला का पट्टी पुरत नाही.
ब्लाउजपीस ऐंशी सेंटीमीटर, अन् बाई म्हणते लांब बाही पाहिजे,
तसं होते ते.

ठवरे बाई पुण्याहून आल्या, भर पावसात.
धाडकन् आपटलं म्हणे, कंबर धरली, पायलट नवा होता का?
नवा नाही बाई, शहाणा होता.
पाणी साचलेल्या पट्टीवर अलगद टेकवलं
तर चाक पाण्यावरच घसरत जाते.
जाड कापडावर इस्त्री कशी दाबूनच ठेवा लागते.

आणि बत्त्या काऊन मालवतात रात्री?
लाईन गेल्यावर सुई सापडाले किती वेळ लागते तुमाले?
तेवढा वेळ नसला तर?
डोळ्याची अंधाराशी आधीच ओळख करून देतात.

एका माणसानं पँट अल्टरला दिली अन् हळूच विचारलं,
उतरता उतरता परत वर गेलं आमचं विमान,
काही लपवून राहिले होते का?
मी त्याले माझी उसवायची कात्री दाखवली.
वाकडी शिवण दाबून घेणारा शिंपी मोठा नसते.

हे सगळं मी साहेबांले विचारून विचारून जमवलं.
माझा सासरा सांगे,
मध्यरात्री चारी दिशेनं डाकेची विमानं यायची सोनेगावले,
थैल्या अदलाबदल करायची अन् उजाडायच्या आत आपापल्या गावी.
तो फाटक्या थैल्या रफू करे.
त्याले कोणी काही विचारलं नाही.

मे महिन्यात उन्हानं बाही कांद्याच्या सालीसारखी होते.
बोट लावलं का चिरते.

सवाल संपत आले असं वाटलं
तर पलाश आला, शेजारचा, दहा वरसाचा.
"मावशी, वरून पायलटले तुही बाही दिसते?"
मी साहेबांले विचारलं.
ते जरासे थांबले.
आता यंत्र वारा मोजते, टॉवरवाले रेडिओवर सांगतात.
पण बाही पाहिजेच ताई, नियम आहे.

मी बॉबिन भरत राहिली.
नियमासाठीही दुहेरीच टीप घातली.

वारा पडला का ती खांबाले लटकून राहते,
खुंटीवरच्या शर्टासारखी.
वारा नाही, हेही कोणाले तरी सांगाच लागत असन.

जुनी बाही मी पलाशले दिली, मधले दोन पट्टे कापून.
त्यानं सायकलच्या हँडलले बांधली.
कालची संध्याकाळ, उकाडा,
कडुलिंबाचं पान हलून नाही राहिलं,
अन् पोट्टा रस्त्यानं जोरात आला तर
बाही गच्च भरलेली!

"मावशी, वारा कुठून आला?"

ह्या सवालाले मी मापाच्या वहीत
त्याच्या नावानं एक पान सोडलं आहे.
तोवर तो वळून परत गेला,
आणखी जोरात.